वर्षाचे 499 आणि रोजची एक माहिती: गिरणीवरून अभिप्राय

रोज व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी भाषा-इतिहासाची एक माहिती पाठवणारी एक सेवा मी घेतली, तिच्याबद्दल हे. सेवेचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि त्यांच्या उत्तरांवरून ती चालवणारी दोन-चार माणसंच असावीत असं वाटतं. कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. अशा सेवा आता बऱ्याच निघाल्यात, त्यामुळे मी खाली जे लिहितेय ते त्यातल्या कुठल्याही एकीला लावून बघता येईल.

प्रकार असा. वर्षाचे 499 रुपये भरायचे, की रोज सकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज येतो. सोमवारी शब्द, मंगळवारी म्हण, बुधवारी इतिहास, गुरुवारी सण-रूढी, मग खाणं, मग एखादं गाव, आणि रविवारी प्रश्नमंजूषा. मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांचा. सोबत एक चित्र आणि मिनिटभराचा ऑडिओ. वेगळं अ‍ॅप उतरवावं लागत नाही, जाहिराती नाहीत, 'पुढे दहा जणांना पाठवा' नाही. एवढ्यावरच माझे निम्मे पैसे वसूल.

माझी चाळीसगावात पिठाची गिरणी आहे. डी.एड. केलं, भरती काही निघेना, लग्न झालं आणि सासऱ्यांची गिरणी अंगावर पडली. गव्हाचा डबा आणणारे 'दळून ठेवा, येतो' म्हणून निघून जातात. पण दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, आणणारी माणसं हलत नाहीत. आधीच्या कोणाचा गहू-हरभरा पाळूत, म्हणजे गिरणीच्या दगडांत, राहिलेला असला तर पहिलं पीठ त्याचंच पडतं, म्हणून ती डोळ्यात तेल घालून उभी राहतात. कळण्याचं दळण असलं तर विचारूच नका. ज्वारी आणि उडदाचं प्रमाण घरून ठरवून आणलेलं असतं, त्यात परका दाणा चालत नाही. तर या थांबलेल्या माणसांसाठी मी भावफलकाच्या खालच्या अर्ध्या भागात रोजचा मेसेज खडूने लिहायला लागले. पट्टा चालू झाला की बोललेलं ऐकू येत नाही, वाचता मात्र येतं. म्हणजे ही वर्गणी एकटीने नाही, गिरणीवरच्या सगळ्यांनी वापरली, आणि मी जे मत देतेय त्यात त्यांची मतं मिसळलेली आहेत.

आधी चांगलं सांगते.

शब्दांचा सोमवार झकास असतो. 'हप्ता' या शब्दावरचा मेसेज फळ्यावर चांगला तीन दिवस राहिला, पुसू देईनात. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात. सात दिवसांचा तो हप्ता, म्हणजे आठवडा. आठवड्याने द्यायच्या पैशालाही हप्ताच म्हणू लागले. आणि पुढे मुदत महिन्याची झाली तरी नाव तेच राहिलं. बचत गटाच्या दोघीजणी दळण घेऊन आलेल्या. त्यातली एक म्हणाली, "मंग आपण महिन्याला हप्ता म्हणतो ते चुकीचंच की वं." दुसरी म्हणाली, "तू साहेबाला सांग, सातव्या दिवशी येत जा म्हणा, मग कळंल." तूप आणि अडकित्ता हे शब्द कन्नडमधून आले, हे मात्र आप्पांना पटलं नाही. आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक आहेत, घरी दोन म्हशी. "तूप आमच्या घरचं आणि नाव कानडी?" असं म्हणून त्यांनी फळ्याकडे बराच वेळ संशयाने पाहिलं. बटाटा, पाव, बादली, चावी हे पोर्तुगिजांबरोबर आले, त्याला कोणाची हरकत नव्हती. बटाटा परका आहे याचं कोणालाच वाईट वाटत नाही.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे ऐकीव आणि कागदावरचं यात ते फरक करतात. 'ध चा मा'चा मेसेज आला तेव्हा मी मुद्दाम बघितलं. 30 ऑगस्ट 1773, शनिवारवाडा, नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी केलेला खून, आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केल्याची गोष्ट, सगळं होतं. आणि शेवटी सरळ लिहिलं होतं, की खून झाला हा इतिहास, अक्षर बदललं ही सांगोवांगी. शाळेत आम्हाला हे एका दमात, दोन्ही खरं म्हणून शिकवलं होतं. फॉरवर्डमध्ये तर इतिहासाचं आणि वगाचं अंतरच उरलेलं नाही. त्या मानाने ही मंडळी जपून लिहितात. 27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाचा मराठी भाषा गौरव दिन आणि 1 मे हा मराठी राजभाषा दिन, ही सरमिसळ आमदारांच्या बॅनरवरसुद्धा असते. यांनी ती दोन ओळींत सोडवली. मराठीला अभिजात दर्जा मिळाला ती तारीखही, 3 ऑक्टोबर 2024, न चुकता दिली आणि वर अभिमानाचा पाऊस पाडला नाही.

खानदेशाच्या नावावरचा बुधवारही चांगला होता. फारुकी घराण्याची राजधानी बुऱ्हाणपूर, 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला, आणि शाहजादा दानियालच्या नावावरून या मुलखाचं नाव 'दानदेश' ठेवलं. ते काही टिकलं नाही. फळ्यावर हे वाचून कॉलेजच्या पोरांनी आठवडाभर एकमेकांना 'काय रे दानदेशी' करून घेतलं.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत.

पहिली म्हणजे मेसेज लिहिणाऱ्यांचं महाराष्ट्र पुण्यात सुरू होतं आणि नाशिकला संपतं. पेशवाई दर पंधरवड्याला. खानदेशाच्या वाट्याला केळी, शेवभाजी, भरीत आणि बहिणाबाई. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन 2016 सालचं, हे त्यांनी सांगितलं, बरं केलं. पण फैजपूर? 1936 च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन यावल तालुक्यातल्या त्या गावात भरलं, नेहरू अध्यक्ष, आणि नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांनी मंडप सजवलेला. नाही आलं. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत, ते नाही आलं. अमळनेरला 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि पुढे तीच कंपनी विप्रो झाली, हे तर कोणत्याही पोराला थांबवून सांगावं असं आहे, तेही नाही. 1942 च्या लढ्यात गोळी लागून गेलेल्या नंदुरबारच्या शिरीषकुमारचा 9 सप्टेंबर गेला, त्या दिवशी आमच्याकडे मिसळीचा इतिहास आला.

मी त्यांना हे लिहून पाठवलं. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय मोलाचा आहे.' हे वाक्य मी बँकेकडून आणि गॅस एजन्सीकडूनही ऐकलेलं आहे.

आणि जे खानदेशावर लिहिलं त्यातली एक चूक तर आमच्या सासूबाईंनी पकडली. बहिणाबाईंवरच्या मेसेजमध्ये त्यांच्या गाण्यांची बोली 'अहिराणी' म्हणून दिली होती. मी गिरणीतच मोठ्याने वाचत होते. सासूबाईंचं माहेर साक्रीकडचं, अहिराणी त्यांची घरची. त्या कोपऱ्यात गोणीवर बसलेल्या असतात, चाळणीचं बघतात. म्हणाल्या, "काय वाची ऱ्हायनी तू?" मी गाण्याच्या दोन ओळी वाचून दाखवल्या. मान हलवली. "हाई आपली अहिराणी नही शे. हाई ते जळगावकडनी बोली शे." आणि परत चाळायला लागल्या. बाई सही-अंगठ्याच्या पिढीतल्या, पण कान शाबूत. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या, जन्म 1880. त्यांची बोली लेवा गणबोली. आपल्याकडे निबंधाच्या पुस्तकांतसुद्धा ही चूक सर्रास असते, कारण बाहेरच्यांना खानदेश म्हणजे अहिराणी आणि अहिराणी म्हणजे खानदेश. जळगाव-यावल-रावेरकडचा माणूस आणि साक्री-शिरपूरकडचा माणूस बोलायला लागला की आम्हाला पहिल्या वाक्यात कळतं कोण कुठला.

या बाबतीत त्यांना शाबासकी द्यायला हवी. मी लिहिल्यावर 'तपासतो' म्हणाले आणि खरंच पुढच्या सोमवारी दुरुस्तीचा स्वतंत्र मेसेज आला. तळाला बारीक अक्षरात नव्हे, पूर्ण मेसेज. वर्तमानपत्रंसुद्धा इतकं करत नाहीत.

पण त्याच दुरुस्तीत त्यांनी 'अहिराणी ही मराठीची गोड बोली' असं लिहून नवा घोळ घातला. गोड कशाला? आमच्याकडे भांडणंही अहिराणीतच होतात. आणि बोली की भाषा, हा वाद जुना आहे. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजे अहिराणी धरून, मराठीच्या खंडात नाही. 1907 च्या भिल्ल भाषांच्या खंडात आहे. 2011 च्या जनगणनेतही खानदेशी वेगळी नोंदलेली, बोलणारे 18 लाखांवर. आम्ही 'आहे'ला 'शे' म्हणतो, गुजराती 'छे' म्हणतो; 'माझा'ला 'मना', 'तुझा'ला 'तुना'. मी काही भाषाशास्त्रज्ञ नाही आणि हा वाद गिरणीवर सुटायचा नाही. पण ज्याला कुतूहल म्हणून पैसे भरायचेत त्याला वाद आहे एवढं तरी सांगा. 'गोड बोली' हे लग्नपत्रिकेतलं वाक्य झालं.

सगळ्यात हळहळले ते पाटणच्या मेसेजवर. पाटणादेवी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. श्रावणात आणि नवरात्रात निम्मं चाळीसगाव तिकडे असतं, गौताळ्याचं जंगल, धबधबा, मग देवी, मग डबे उघडायचे. तिथल्या शिलालेखाबद्दल मेसेज येणार म्हटल्यावर मी आदल्या दिवशीच फळा पुसून ठेवला होता. आला तो असा: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ काढला, 1207 सालचा संस्कृत शिलालेख, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. सगळं बरोबर. पण अर्धंच.

कारण त्या लेखाचा शेवट संस्कृतात नाही. शेवटच्या ओळी त्या वेळच्या मराठीत आहेत, आणि त्यात काय आहे? बाजार. या पाटणात जे 'केणें', म्हणजे विकायचा माल, येईल त्यावर ग्राहकांकडून सरकारात जो वाटा जायचा, तो मठाला दिला, असा तो मजकूर. वर श्लोकांत यादवांची आणि त्यांच्या निकुंभ मांडलिकांची वंशावळ, भास्कराचार्यांच्या घराण्याची थोरवी. आणि पैशाची गोष्ट आली की भाषा बदलली. विद्वानांसाठी संस्कृत, दुकानदारासाठी मराठी. ज्याला कर भरायचा त्याला कळायला नको का? आठशे वर्षांपूर्वी चाळीसगाव तालुक्यात भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चं गणित शिकवायला बाजाराच्या करातून पैसे उभे राहत होते, आणि हे ज्या भाषेत कोरलं ती मी बोलते. मी स्वतः दुकानदार, नगरपालिकेची पावती दरवर्षी फाडणारी. मला सगळ्यात जवळची वाटणारी ओळ नेमकी हीच, आणि तीच गाळली. मेसेजमध्ये त्या जागी काय होतं, तर 'निसर्गसौंदर्याने नटलेले हे ठिकाण अवश्य पाहा.'

मग मीच फळ्यावर खाली जोडलं. सातवी-आठवीतली दोन पोरं हरभऱ्याचं दळण घेऊन आली होती, बेसनासाठी. एकाने विचारलं, "काकू, मठात गणित शिकवायचे तर फी नव्हती?" मी म्हटलं, फी बाजार भरायचा. तो म्हणाला, "भारीच!" दुसऱ्याने विचारलं तो दगड अजून आहे का. आहे म्हटल्यावर दोघांचं पुढच्या रविवारी सायकलने जायचं ठरायला लागलं, तेव्हा मात्र मी त्यांच्या आयांना सांगितलं, कारण वाट जंगलाची आहे.

वारांच्या चौकटीचाही त्रास होतो. सण गुरुवारी म्हणजे गुरुवारीच. आमच्या खानदेशातली देवी कानबाई बसते नागपंचमीनंतरच्या रविवारी आणि सोमवारी तिचं विसर्जन. त्या आधीचे दोन दिवस माझ्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो: गिरणी झाडून-पुसून घ्यायची, रोटांचं दळण वेगळं, घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून आणलेले गहू, कोणाचे कोणात मिसळायचे नाहीत. कानबाईचा मेसेज आला कधी? विसर्जन झाल्यावर गुरुवारी. मजकूर चांगला होता, कोणीतरी आपल्याकडचंच लिहिणारं असावं. पण वरात गेल्यावर वाजंत्री येऊन काय उपयोग. आखाजीचंही, म्हणजे अक्षय्य तृतीयेचंही, तेच झालं. गौराई गेली, झोके सोडले, सालदारांचे नवे करार झाले, मग मेसेज.

ऑडिओ बंदच ठेवा. तो माणसाचा आवाज नाही, कॉम्प्युटरचा आहे, आणि त्याला मराठी च-ज-झ येत नाहीत. दळणावरच्या ओव्यांबद्दलचा मेसेज होता, तर 'जातं'चा ज त्याने 'जात-पात'मधल्या ज सारखा उच्चारला. गिरणीत हशा पिकला. ज्वारीवरच्या मेसेजात 'दादर' आलं, तर चित्रात मुंबईचं दादर स्टेशन! आमच्याकडे दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, चित्र लावणाऱ्याला नव्हतं. भाषेवरच्या सेवेने आवाजासाठी एखाद्या माणसाला चार पैसे द्यावेत.

रविवारची प्रश्नमंजूषा पोरकट आहे. चार पर्याय, त्यातले तीन हसण्यासारखे.

माझा भाचा एमपीएससीचा अभ्यास करतो, त्याला वाटलं उपयोग होईल. महिनाभर वाचून म्हणाला, "मामी, याच्यात परीक्षेला येईल असं काहीच नाही." माझ्या मते हे कौतुक आहे. पण ज्यांना गुणांसाठी हवंय त्यांनी पैसे घालवू नयेत.

हे सगळं फुकट मिळतं, मग पैसे का, असं नवऱ्याने विचारलं होतं. बरोबर आहे. मराठी विश्वकोश पूर्ण नेटवर आहे, 1976 साली पहिला खंड निघाला तेव्हापासूनचं सगळं. मोल्सवर्थचा 1857 च्या आवृत्तीचा कोश आहे, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. मी मेसेज तपासते ते तिथेच. पण विश्वकोश उघडायला काय शोधायचं ते आधी माहीत लागतं. सकाळी सहाला, पाळूला टाकी लावायची का उद्यावर ढकलायची या विचारात असताना, मी काही आपण होऊन 'अडकित्ता' शोधायला जाणार नव्हते. ते कोणीतरी निवडून दारात आणून ठेवतं, त्याचे पैसे.

तेव्हा घ्यावी का? घरात किंवा दुकानात वाचून दाखवायला माणसं असतील तर घ्या. एकट्याने मोबाइलवर वाचायची असेल तर पंधरा दिवसांत तुम्ही न उघडता पुढे सरकवायला लागाल, हे मी शेजारच्या मेडिकलवाल्या दादांचं बघितलंय. त्यांनी माझं ऐकून घेतली, आता त्यांच्याकडे न वाचलेल्या मेसेजांचा आकडा वाढत चाललाय आणि फळा वाचायला ते माझ्याकडे येतात.

पैसे भरताना एक बघा. वर्ष संपलं की आपोआप पुढच्या वर्षाचे कापून घ्यायची परवानगी त्यात आधीच टिक करून ठेवलेली असते. ती काढा, यूपीआयच्या ऑटोपेमध्ये जाऊन खात्री करा. माझे कापले गेले, मी ओरडले, आठवड्याने परत आले. परत आल्यावर मी पुन्हा भरले, ती गोष्ट वेगळी. पण मी भरले, त्यांनी घेतले नाहीत.

भरताना सोबत यादीही पाठवली आहे. फैजपूर, धुळ्याचा तुरुंग, इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच 1926 साली गेले ते आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ, धरणगावचे बालकवी आणि 1907 चं जळगावचं कविसंमेलन. सगळ्यात वर आमच्या स्टेशनाजवळच्या बंगल्यातले केकी मूस, जन्मभर कॅमेरा आणि टेबलावरची चित्रं यांच्या संगतीत दार लावून राहिलेले. पंजाब मेलची ते रोज वाट बघायचे, ती गोष्ट चाळीसगावात प्रत्येकाकडे वेगळी आहे. कागदावरचं किती आणि सांगोवांगी किती, ते यांनी 'ध चा मा'सारखं लावून द्यावं. यावेळी उत्तर 'तपासतो' असं आलं आहे.